आहेराच्या वहीतली माणसं

...आणि वर मला म्हणतात, पाणी घेणार का! आता तुम्हीच सांगा, एकेचाळीस कंपन्यांनी वाटेला लावलेल्या माणसाला बेचाळिसाव्या ठिकाणी कोणी पाणी विचारतं? तिथेच उठायला हवं होतं मी. पण कसा उठणार? तीन वर्षं नोर्यांगजिनच्या परीक्षार्थींच्या वस्तीत एका खोलीत काढलेली, झोपलं की पाय टेबलाखाली जायचे एवढी खोली, गच्चीवर गेलं की पुलापलीकडे या योइडोच्या बँका-पेढ्यांच्या इमारती चमकताना दिसायच्या, आणि दर तीन-चार आठवड्यांनी फोनवर तोच गोडगोड निरोप, 'आपली योग्यता असामान्य असूनही या खेपेस आपली सोबत घडू शकली नाही.' एकेचाळीस वेळा असामान्य ठरलो हो मी!

तर मुलाखतीला समोर आपले बांगसाहेब. तेच ते, आत्ता काचेच्या दाराबाहेर उभे आहेत ते. मागे वळून बघू नका... चेहरे हसरे ठेवा. तुम्हाला सांगतो, मी व्याजदर पाठ केलेले, रोखे पाठ केलेले, झोपेत उठवलं तरी सांगेन अशी तयारी, आणि साहेबांनी विचारलं काय? 'अहो प्यो,' आडनावानेच हाक मारतात ते मला, 'घरात माणसं किती?'

मला वाटलं, किती मायाळू माणूस आहे! मी आपला उत्साहाने बोटं मोजतोय, चार काका, तीन मावश्या, एकोणीस चुलत-मावस भावंडं, सैन्यातले दोस्त निराळे, आई चर्चमध्ये भजन गाते... 'भजनात किती जणी?' बत्तीस, म्हटलं. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. 'बहिणीचं लग्न झालंय? मग आहेराची वही असेल ना घरी?'

नोकरी तिथल्या तिथे पक्की! आई रडली, मी रडलो.

पहिल्या दिवशी हातात कागद. वर मोठ्या अक्षरांत 'मोत्याची बाग', म्हणजे आपल्याला विकायची ती गुंतवणुकीची योजना, आणि खाली शंभर रेघा. एका रेघेवर एक नाव. माझ्या शेजारी ओक बसायचा, परीक्षेत आमच्यात पहिला आलेला, आकडे असे बोलायचा की ऐकत राहावं. पण बिचाऱ्याला एक आजी सोडली तर कोणी नाही. साहेब रोज त्याच्या टेबलाशी वाकून, अगदी हळू आवाजात, 'ओक, घरात माणसं किती?' सहाव्या आठवड्यात टेबल रिकामं. त्याच्या कुंडीला मी अजून पाणी घालतो.

मग मी घाबरलो, खोटं कशाला बोलू. काका संपले, भावंडं संपली, भजनातल्या बत्तीस जणी संपल्या, आई वेगळ्या चर्चमध्ये जायला लागली, आहेराची वही संपली... आणि साहेब म्हणाले, 'वडील गेले तेव्हाची वही असेल की.' होती. बाबांच्या फोटोसमोर पैशांचं पाकीट ठेवून गेलेल्या प्रत्येकाचं नाव, आईच्या अक्षरात. मी एकेकाला फोन लावला. 'ओळखलंत का? तुम्ही बाबांच्या मयताला आला होतात...'

एकच नाव मी दर वेळी ओलांडून जायचो. थोरली मावशी. तिकडे तोंगयाँगच्या बंदरावर बावीस वर्षं कालवं फोडते, बोटं सरळ होत नाहीत तिची. माझी तीन वर्षांची क्लासची फी तिने भरली. माझ्या यादीत एकच रेघ रिकामी, आणि मी ठरवलेलं, नोकरी गेली तरी चालेल पण ही रेघ भरायची नाही. एवढं तरी माणसाने ठरवावं की नाही?

तर एके दिवशी दुपारी ती स्वतःच इथे हजर! पहाटेची बस धरून आलेली, अंगाला समुद्राचा वास, आणि रागाने लाल. 'का रे सांगुक, गावभर सगळ्यांना विचारलंस, मलाच नाही? मी परकी झाले?' अगं मावशी, म्हटलं, मुद्दल बुडू शकतं, हे बघ इथे छापलंय, मोठ्याने वाचून दाखवतो. वाचलं. दोनदा वाचलं. तिने रुमालाची गाठ सोडून सहीऐवजी मारायचा तिच्या नावाचा शिक्का काढला. 'तू आहेस ना इथे? मग कुठे मारू?' मागून साहेब पाण्याचा पेला घेऊन आले. तिला म्हणाले, 'पाणी घेणार का?'

चार कोटी वॉन, तिची जन्माची शिल्लक. शरद पौर्णिमेच्या सणापर्यंत निम्मे उरले. सणाला मी घरात शिरलो तशी माणसं एकेक करून चपला शोधायला लागली. मावशी मात्र दर हिवाळ्यात अजूनही कालवांचा डबा पाठवते. मला तो उघडवत नाही. फार वाईट वाटतं हो.

त्याच महिन्यात मला बढती. म्हणून तर आज तुम्हा नव्या भरतीसमोर चिकाटीवर बोलायला मला उभं केलंय... हं, साहेब आत येतायत. सरळ बसा. कागद पुढे सरकवा, प्रत्येकाने एक घ्या, शंभर रेघा आहेत. घरात माणसं किती ते नीट आठवून लिहा. आणि मावशीचं नाव लिहिलं नाहीत तरी चालेल. ती आपणहून येते.