दत्तरावांनी खोडलेला एक शब्द

सन्माननीय अध्यक्ष आबासाहेब, व्यासपीठावरचे तहसीलदार साहेब, आज सेवानिवृत्त होणारे आमचे भूकरमापक दत्तराव, सौभाग्यवती कमलबाई, आणि सेलू-वालूरहून एवढ्या उन्हात आलेल्या बंधू-भगिनींनो,

मी बन्सीधर, दत्तरावांच्याच कार्यालयात नकाशे काढणारा. निरोपाच्या दिवशी माणसाच्या चुका काढू नयेत असा रिवाज आहे. मी मात्र त्यांची एक चूकच सांगणार आहे.

साल शहाऐंशी. दत्तरावांची कोकणात बदली झाली. वालूरचा माणूस, जन्मात पाणी पाहिलं ते दुधना नदीचं. तिथं एका कोळीवाड्यासमोर तेलाच्या जहाजांसाठी धक्का आणि टाक्या बांधायचं घाटत होतं. हे मोजणीला गेले तेव्हा ओहोटी होती. मैलभर नुसता उघडा चिखल. पीक नाही, बांध नाही. आपण काय लिहिलं असतं? यांनीही तेच लिहिलं, 'पडीक'. आणि पडीक म्हटलं की जागा घ्यायला कोणाची हरकत उरत नाही.

दुसऱ्या दिवशी सुलाबाई नावाच्या कोळीणबाई आल्या. म्हणाल्या, "तुमच्याकडं पेरणीच्या आधी रानात काय असतं?"

"काय न्हाई. ढेकळं."

"मग ते पडीक का?"

साहेब, आहे का उत्तर कोणाकडं?

त्या यांना चिखलात घेऊन गेल्या. चाळीस बायका शिंपल्या वेचत होत्या. दगड नाही, खुंटी नाही, तरी प्रत्येकीची जागा ठरलेली, सासूकडून सुनेला आलेली. दत्तरावांना खरं वाटेना. त्यांनी साखळी टाकून जागा मोजल्या. भरतीत सगळं बुडालं. पुढच्या ओहोटीला बायका परत आल्यावर पुन्हा मोजल्या, तर वीतभरही फरक नाही. मला सांगताना म्हणाले, "बन्सीधर, तीस वर्षं मोजणी करायलोय, पण तिथं मला माझ्या साखळीची लाज वाटली."

त्यांनी 'पडीक' खोडलं, चाळीस नावं लिहिली आणि खाली सही केली. वरिष्ठांनी विचारलं, "ही खाडाखोड कोणाची?" हे म्हणाले, "माझी." बढती गेली ती गेलीच. ज्या पदावर कोकणात गेले त्याच पदावरून आज निवृत्त होत आहेत.

धक्का रोखला तो त्या गावानं, अकरा महिने मोजणीच्या बोटींपुढं होड्या आडव्या लावून. यांचं त्यात एकच पान होतं, पण प्रत्येक सुनावणीत तेच पुढं यायचं. अखेर तेलवाल्यांनी गाव सोडलं.

त्या सुलाबाई इथं पहिल्या रांगेत बसल्या आहेत. सुरुवातीला मान्यवरांत त्यांचं नाव मुद्दाम घेतलं नाही, क्षमा असावी. काल देवगाव फाट्यावर एस.टी.तून उतरल्या आणि नांगरलेल्या काळ्या रानाकडं बघत उभ्याच राहिल्या. दत्तरावांना म्हणाल्या, "केवढी मोठी ओहोटी. भरती कधी येते?"

दत्तराव म्हणाले, "मृगात."

मी शेजारीच होतो. सारं आयुष्य हे रान बघत आलो, पण काल पहिल्यांदा मला त्याच्यापुढं हात जोडावेसे वाटले.

अध्यक्षांचे, पाहुण्यांचे आणि आपणा सर्वांचे आभार. माझ्या बोलण्यात काही चुकलं असेल तर खुशाल खोडा. खाली सही मात्र माझीच राहू द्या.