हत्तीच्या नव्या घरी अक्का

चहा निवला तरी चालेल, पण हे ऐका. जळगाव जिल्ह्यातल्या धरणगावच्या माझ्या थोरल्या बहिणीला, अक्काला, मी पुण्याचं प्राणिसंग्रहालय दाखवायला नेलं. तिथं आता पिंजरे नाहीत. हत्तीला तर नुकतंच झाडं, तळं, मोकळं रान असं सगळं करून दिलंय. ते बघताच अक्कानं पदराखालून घरच्या मळ्यातल्या केळ्यांची फणी काढली.

“अक्का, दंड होईल! मी प्राणिशास्त्राचा डॉक्टर, लोक काय म्हणतील?”

“बापू, नवं घर शे हत्तीनं. रिकामा हाते कसं जावानं?”

तेवढ्यात रखवालदार आलाच. ही बाई माझ्याबरोबर नाही, असा मी चेहरा केला.

“आजी, बाहेरचं द्यायचं नाही. तो आजारी पडतो.”

“मंग तुम्ही त्याले काय देतस?”

“केळीच देतो, पण तपासून.”

“कोठली?”

“जळगावची.”

अक्का खुलली. “मंग आपला आहेर पहिलेच पोहोचेल शे!” म्हणत तिनं फणी रखवालदाराच्याच हातात ठेवली आणि कठड्यावरून हत्तीला खणखणीत आवाजात विचारलं, “गोड लागनात ना रे भाऊ?”

हत्तीनं कान हलवले. मी मात्र हाका मारायला किती दंड आहे, ते नियमांच्या पाटीवर शोधत होतो.