देवाचा वाटा

आरं, पुण्यात आता बिअरच्या आधी भाषण पाजत्यात, म्हाईत हाय का? पुतण्यानं हौसेनं तिकिटं काढून मला आन् आमच्या शेजारच्या रिटायर सुभेदार आण्णांना ब्रुअरी टूरला धाडलं. म्हंजी शहरातल्या बिअरच्या कारखान्यांची यात्रा, वर गाईड. दोन कारखाने निस्त्या बडबडीत गेले. जव कुठलं, पाणी कसलं, वासात म्हणं संत्र्याची साल! आमी साताऱ्यास्नं तान्हेलं आल्यालो.

तिसऱ्या कारखान्यात एकदाचा ग्लास दिला. खोकल्याच्या औषधाचं टोपण बी त्याच्यापरीस मोठं असतंय.

"आधी फक्त वास घ्या. घाई नको," गाईड म्हणतोय.

पहिल्या घोटाआधी बोट बुडवून देवाच्या नावानं चार थेंब जमिनीवर शिंपडायची रीत आण्णांनी पलटणीत बी मोडली न्हाई. पण ह्या ग्लासात बोटच जाईना. मग त्यांनी डोळं मिटलं, अख्खा ग्लास फरशीवर उपडा केला आन् हात पुढं केला.

"हां, देवाचं झालं. आता माझी आण."

गाईड पांढराफटक. "काका, ती तुमचीच होती!"

आण्णांनी त्याला खालपासनं वरपतोर न्याहाळलं.

"येवढीशी? आरं, येवढ्यात आमच्या देवाचं बी भागत न्हाई!"