संपादकांचे वडील

ताई : तुझी मुलगी झाली त्याच वर्षी आई गेली. चार ओळी छाप म्हटलं, तर म्हणालास, पेपरात जागा नाही. आणि आज स्वतःच्या मुलाखतीला अख्खं पान! प्रूफं तपासणारा पोरगा संपादक कसा झाला, वगैरे.

संपादक : हळू बोल ताई. बाबा आत रद्दी बांधतायत.

ताई : आता हळू कशाला? शेजारच्या शिंप्यानं त्यांना सगळं वाचून दाखवलंय. "वडिलांचं छत्र लहानपणीच हरपलं." ते ऐकून कोपऱ्यावरचा घड्याळवाला थट्टेनं बाबांना वाहायला दुकानात फुलं घेऊन आला!

संपादक : अरे देवा. मग बाबा?

ताई : घेतली. पाण्यात ठेवली. नोकरी मागायला गेलास तेव्हा रद्दीवाल्याचा मुलगा म्हणायला तुझी जीभ रेटेना, म्हणून बापालाच मारलंस. आईच्या बातमीत 'मागे पती' लिहावं लागलं असतं, म्हणून जागा नव्हती. खरं ना?

संपादक : हो.

(बाबा आतून येतात. हाताला सुतळी गुंडाळलेली.)

बाबा : कशानं गेलो रे मी?

संपादक : बाबा...

बाबा : एवढी मोठी बातमी, नि कारण नाही? तुझे अग्रलेख आजवर किलोनं तोलले. आज पहिल्यांदा वजनात कमी भरलास.

ताई : हवामानाचा आकडा चुकला तरी दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर माफी मागतोस ना? मग उद्या हेही छाप.

बाबा : नको गं. लोक हसतील त्याला. खुर्ची जायची. मी मेलेलाच बरा. मेलेल्याशी काटा मारला म्हणून भांडायला कोणी येत नाही.

संपादक : छापतो, बाबा.

बाबा : आधी बोलून दाखव. मला काही वाचता येणार नाही.

संपादक : "कालच्या मुलाखतीत एक चूक झाली..."

बाबा : झाली, का केली?

संपादक : "मुलाखतीत संपादक खोटं बोलले. त्यांचे वडील हयात आहेत. त्यांचं दुकान..."

बाबा : अडखळतोस काय? रद्दीचं.

संपादक : "...रद्दीचं दुकान आहे."

बाबा : आता तिचं घाल. तिची बातमी राहिलीय.

संपादक : "संपादकांची आई वारली, त्यांची मुलगी झाली त्या वर्षी. तिच्या मागे तिचे पती आहेत."