गरोदर नसलेल्या बायका

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या प्रतीक्षागृह समितीचे प्रमुख माननीय श्री. काविंगा, समुद्रापलीकडून येऊन आमच्या धुळीत बसलेल्या, अनुदान देणाऱ्या संस्थेच्या प्रतिनिधी आदरणीय श्रीमती आनेके, गावप्रमुख नालिकुलेबाई, रुग्णालयातले माझे सहकारी, चटयांवर दाटीवाटीनं बसलेल्या मायबहिणींनो आणि त्यांच्या पाठीला बांधलेल्या बाळांनो,

अध्यक्षांनी माझं फार कौतुक केलं. इतकं, की मधेच मला वाटलं, मी गेलेच की काय! एझेलिना सिस्टर म्हणजे या घराचा पाया, असं ते म्हणाले. पाया निवृत्तीच्या दोन वर्षं आधीच का उपटताय, एवढं मात्र सांगायचं राहून गेलं. असो. हे सुंदर चितेंजेचं कापड माझ्या खांद्यावर घातलंत, त्याबद्दल मनापासून आभार. रंग माझ्या आवडीचा आहे, म्हणजे कापड घ्यायला बायका गेल्या असणार.

मास्तर, तुम्ही श्रीमती आनेकेंना माझं बोलणं भाषांतर करून सांगताय ना? मग सगळं सांगा, त्यात साखर घालू नका.

आपलं घर कशासाठी आहे, हे काय मी तुम्हाला सांगायचं? डोंगरापलीकडच्या वस्तीवरून कळा सुरू झाल्यावर निघालेली बाई वेळेत पोचत नाही, म्हणून दिवस भरत आले की ती इथे, रुग्णालयाच्या शेजारी येऊन राहते. पण ती एकटी येते का हो? बरोबर सोबतीण असते. आई, सासू, मावशी, कोणीतरी. ती रांधते, अंग चेपते, धुणं धुते. श्रीमती आनेके, तुमच्या अनुदानातून पलंग आले, वजनकाटा आला, लहान पोरांसाठी खेळण्यांचा कोपरा आला. ते आम्ही विसरलेलो नाही. पण सोबतिणी तुमच्याही आधीपासून इथे आहेत.

मग एकदा शहरातून तपासनीस आले. भला मुलगा. एकेकीला विचारत निघाले, बाळंतपणाची तारीख कोणती? चुलीपाशी आजी नासिबेको बसलेल्या, दात पडलेले, हातात पळी. त्यांनाही विचारलं. त्या म्हणाल्या, "दिवस तर गेलेत रे. पण नवरा तूच की माझा! लग्नात बकरी देणार होतास, कुठे आहे ती?" आपल्याकडे नातवाच्या वयाच्या पोराला आजीनं नवरा म्हणायचं, ही रीतच आहे. सगळं अंगण हसलं, तपासनीसही हसले. आणि परत गेल्यावर त्यांनी कळवलं, की घरातल्या निम्म्या बायका गरोदर नाहीत.

झालं! नियम आला. अनुदान गरोदर बाईसाठी आहे, तेव्हा जी गरोदर नाही तिनं फाटकाबाहेर राहावं. रांधायला पगारी बाई ठेवली. तिचा काही दोष नाही, बिचारी लापशी छान करायची.

आजी नासिबेकोंची सून फालेस तेव्हा इथे होती, पहिलटकरीण. हे मी तिला विचारून सांगते आहे. आपल्याकडे पोटुशी बाई करणीच्या भीतीनं परक्या हातचं खात नाही. तुम्ही त्याला अंधश्रद्धा म्हणा. मीही नर्स आहे, मीही तिला समजावलं. पण भीती घशाशी बसली की समजूत खाली उतरत नाही. ताट तसंच परत जायचं. सासू बाहेर आंब्याखाली बसून राहिली, तर पहारेकऱ्यानं तिला तिथूनही उठवलं. पहाटे म्हातारी घरच्या वाटेला लागली आणि तिच्या मागोमाग फालेस निघाली. डोंगराच्या चढावर ती बाळंत झाली. मुलगा होता. रडलाच नाही.

अध्यक्ष महाशय, तेव्हा बैठकीत आपण म्हणालात, "सिस्टर, ती स्वतःच्या पायांनी गेली." गेली ना! स्वतःच्याच पायांनी गेली. मला त्या दिवशी फार राग आला. तो राग अजून आहे, आणि तो जावा असं मला वाटतही नाही. त्याच दुपारी मी फाटक उघडलं, सोबतिणींना आत घेतलं, कोणाची परवानगी मागितली नाही.

आता नवं अनुदान आलं आहे, तीन वर्षांचं, मोठं. अट तीच. त्यावर माझी सही हवी होती, ती मी केली नाही. म्हणून हा निरोप समारंभ. हे इथे बसलेल्या सगळ्यांना ठाऊक आहे, फक्त कोणी बोलत नव्हतं.

मास्तर, मी एवढं बोलले आणि तुम्ही दोनच वाक्यांत आटोपलंत? नीट सांगा.

श्रीमती आनेके, तुम्ही वाईट बाई नाही. तुम्हालाही मुलं आहेत असं ऐकते. तुमच्या वेळी तुमच्याजवळ कोण होतं? आई? नवरा? तो गरोदर नाही म्हणून त्याला कोणी फाटकाबाहेर उभं केलं होतं का? हे विचारा त्यांना, मास्तर. उत्तर मला नको, त्यांनी ते घरी घेऊन जावं.

फालेसला पुन्हा दिवस गेले, आता भरलेही आहेत. ती याच घरात सासूसोबत राहत होती. सोमवारी सोबतिणींनी जागा सोडायची असा हुकूम आहे. कशाला सोमवारची वाट पाहायची? रस्त्यापलीकडे मासे वाळवणाऱ्या बायकांची शेड आहे. नालिकुलेबाईंनी ती आम्हाला मोकळी करून दिली. वास येतो, हो. पण आमच्या बायका जन्मल्याच तळ्याकाठी. आज सकाळी फालेसनं पहिलं गाठोडं उचललं, मागून आजी भांडी घेऊन निघाल्या, आणि मग कोणाला सांगावं लागलं नाही. अध्यक्ष महाशय, घर झाडून ठेवलं आहे. पलंग, काटा, खेळणी, सगळं जागेवर आहे. फक्त आत बाई एकही नाही. अनुदान तुमच्यापाशी ठेवा, नाहीतर सोबतिणींसकट द्या.

आलात, ऐकून घेतलंत, त्याबद्दल सर्वांचे आभार. बोलण्याच्या भरात कोणाचा मान राखायचा राहिला असेल, एखादं नाव सुटलं असेल, तर ते माझ्या वयावर घाला. बाकी जे बोलले ते शुद्धीवर राहून बोलले. चहापाणी माझ्यावाचून उरका. फालेसला दुपारपासून बारीक कळा येताहेत, सासू तिची पाठ चोळत बसली आहे, आणि मी दोघींना सांगून आले आहे, की माझा निरोप आटोपून लगेच येते.