तीननंतर एक

...मोजले हो तिने! सगळे मोजले! पाच, चार, तीन, दोन, एक, ओळीने, पहिलीतल्या हुशार मुलीसारखे, एकही न गाळता! आणि मग म्हणे धडाम! अरे कसलं धडाम? खरं धडाम माझ्या डोक्यात झालं! हे ओठावर तीन टाके दिसतात ना तुम्हाला? आणि हा डोळा? डावा नाही हो, डावा जन्मापासून तसाच आहे, उजवा बघा, उजवा! हे सगळं त्या एका 'दोन'पायी. आणि तुम्हाला सांगतो, दिवसभर काचा घासायच्या, आलेल्याला खुर्चीत बसवून 'खालची ओळ वाचा' म्हणायचं, त्याने चुकीची वाचली तरी 'छान' म्हणायचं, एवढाच माझा उद्योग. मी चष्मे करणारा माणूस, मला कुठली मारामारी!

तुम्ही 'सातवा सूर्य' पाहिलाय का? नवा नाही, नव्याचं नाव माझ्यासमोर काढू नका! जुने, चाळीस वर्षांपूर्वीचे, चार भाग! एक अंतराळयान, यानात एक कप्तान, कप्तानाला मिशा, आणि समोर सहा हातांचे शत्रू. गोष्ट म्हणाल तर संपली. बाहेरचा सिनेमा, आपल्या भाषेत आवाज भरलेला. पण त्या यानाला स्वतःचा आवाज होता, बाईचा. दार उघडतंय, हवा संपतेय, शत्रू आला, सगळं तीच सांगायची. सांगायची म्हणजे काय, कुंईकुंई करायची, आणि कप्तान ते ऐकून बाकीच्यांना सांगायचा. शब्द ती फक्त तोफ सुटायच्या आधी बोलायची. लोक तिला मावशी म्हणायचे. आणि मावशी आकडे कसे मोजायची माहीत आहे? पाच... चार... तीन... एक... धडाम!

दोन नाहीच!

चारही भागांत नाही. कारण पहिल्या भागाचं ध्वनिमुद्रण पुढच्या तिन्ही भागांत तेच वापरलं. पहिल्या खेळाला मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडला, 'अगं मावशे, दोन राहिला की!' झालं, तिथून रीतच पडली. मावशी तीन म्हणाली की अख्खं थिएटर श्वास धरायचं, ती एक म्हणाली की आठशे माणसं एका दमात, 'दोऽऽऽन!' आणि मग धडाम! न्हावी, न्यायाधीश, बाळंतीण, सगळे ओरडायचे हो! नंतर आमचं चाहत्यांचं मंडळ निघालं, सूर्यमंडळ. महिन्यातून एकदा एक हॉल घ्यायचा, जुना भाग लावायचा, ओरडायचं आणि घरी जायचं. आमचे अध्यक्ष भूगोलाचे निवृत्त मास्तर. त्यांनी तर चाळीस पानांचं पुस्तकच लिहिलं, 'दोनचे मौन'! म्हणे, यानावरचा दुसरा तोफखानेवाला लढाईत मेला, म्हणून मावशी त्याचा आकडा उच्चारत नाही. सेक्रेटरीणबाईंचं मत वेगळं. शत्रूंच्या भाषेत 'दोन' म्हणजे शरणागती, असं त्यांचं म्हणणं. या मुद्द्यावर वार्षिक सभेत एकदा खुर्च्या उडाल्या होत्या. मी तेव्हा जिन्याखाली उभा होतो. सांगितलं ना, मी चष्मे करणारा माणूस.

तर नवा सिनेमा आला, नव्या कंपनीचा, नव्याने सुरुवात! रविवारी सकाळी नऊचा खेळ, आम्ही एक्केचाळीस जण, एकसारखे सदरे, छातीवर सूर्य. आत जाताना हातात चष्मा दिला, पडद्यावरचं अंगावर येतं तो. आता चष्म्याबद्दल मला बोलू द्या! नाकावर बसत नाही, काड्या कानाला टोचतात, डाव्या काचेवर आधीच्या कुणाचा तरी अंगठा! असा चष्मा मी गिऱ्हाइकाला दिला असता तर गिऱ्हाइकाने माझं मुंडकं उडवलं असतं. बरं, मुंडक्यावरून आठवलं, तिसऱ्या मिनिटाला त्यांनी कप्तानाचं मुंडकं उडवलं! तिसऱ्या! मी अजून खुर्चीत नीट टेकलोही नव्हतो! मुंडकं या बाजूला, धड त्या बाजूला, मिशीचा एक तुकडा वर, आणि तिथे वजन नसतं ना, त्यामुळे रक्ताचे गोळे तरंगतायत, डुलत डुलत, आणि त्यातला एक सरळ माझ्या तोंडाकडे! मी तोंड मिटलं. काय करणार?

पुढे तर विचारू नका. शत्रूंना आता आठ हात. आठ कशाला, तर उपटायला! दहा मिनिटं नुसते हात उपटतात, ओलं फडकं फाडावं तसा आवाज. एकाला त्याच्याच हातांनी बडवून मारलं. एकाचे डोळे काढले आणि कॅमेरा त्या डोळ्यांच्या आत गेला. मी धंद्याने डोळ्याचा माणूस, मला कळतं, डोळ्याच्या आत तसं काही नसतं! शेजारी अध्यक्ष डोळे मिटून पुटपुटत होते, 'मावशी येऊ दे, मावशी आली की सगळं ठीक होईल.'

आणि मावशी आली.

तोफ वळली. आम्ही एक्केचाळीस जणांनी श्वास धरला. आणि आवाज आला, कसला गुळगुळीत, लिफ्टमध्ये मजला सांगणाऱ्या बाईसारखा. पाच. चार. तीन. 'दोन.'

दोन!!!

एक्केचाळीस श्वास घशातच! ओरडायचं काय आता? एका बिचाऱ्याच्या तोंडून सवयीने निघून गेलं, 'दोन!' आणि मागची सगळी पोरंटोरं हसली. तिथवरही मी गप्प होतो, आईशप्पथ. पण माझ्या पुढच्या खुर्चीत एक गडी होता, मान एवढी रुंद, ट्रकचा मेकॅनिक हे मागाहून कळलं. तो बायकोला म्हणाला, 'बघ, शेवटी सुधारली. ती जुनी बाई मठ्ठ होती गं. पाचपासून उलटं मोजता येत नव्हतं बयेला!'

मठ्ठ.

तुम्हाला सांगतो, ती जुनी बाई म्हणजे माझी ताई.

सख्खी. माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. आवाज दिला तेव्हा एकोणीस वर्षांची पोर होती, आणि सगळी दुनिया तिला मावशी म्हणत होती. पाटीवर नाव नाही, जाहिरातीत नाव नाही. मंडळात मी कधी सांगितलं नाही. मी आपला महिन्याच्या महिन्याला मागे जाऊन बसायचो. ताईला जाऊन चौदा महिने झाले. घरात फोटो आहेत तिचे, सत्तर-ऐंशी असतील. आवाज म्हणाल तर एवढाच. चार शब्द.

तर मी उठलो आणि त्या मेकॅनिकच्या डोक्यात लाह्यांचा डबा हाणला.

लाह्यांनी काय होतंय? त्याने केसांवरून हात फिरवला, एक लाही तोंडात टाकली. मग मी पाण्याची बाटली घेतली. स्टीलची. भरलेली. ठाण्णकन आवाज आला, देवळातली घंटा वाजावी तसा! तो उभा राहिला. राहिला, राहिला, उभा राहतच राहिला हो! मग त्याने माझी कॉलर धरून मला खुर्चीवरून पलीकडे ओढून घेतलं, धुतलेली चादर ओढावी तसं. मी त्याचा अंगठा चावला. सोडला नाही! तो ओरडतोय, 'अगं, हा चावतोय! हा म्हातारा चावतोय!' अरे, म्हातारा कुणाला म्हणतोस? सत्तेचाळीस वय माझं! इकडे अध्यक्ष खुर्चीवर चढले, 'मावशीचा अपमान! मंडळ, चला!' आणि एक्केचाळीसच्या एक्केचाळीस जण पुढच्या रांगांवर कोसळले! सेक्रेटरीणबाईंनी पर्स फिरवली, तीन माणसं गेली. भूगोलाच्या मास्तरांनी एकाच्या गुडघ्यावर अशी लाथ घातली की तो गडी आजही लंगडत असणार. वर पडद्यावर हात उपटतायत, खाली सदरे फाटतायत, कुठला आवाज कुठला काही कळेना. माझ्या डोळ्यांवर तो चष्मा तसाच! एक दात उडत आला, माझ्या मांडीवर पडला. मी म्हटलं, वा, हे मात्र झकास केलंय... हात लावला तर ओला! खरा दात! दिवे लागले तेव्हा मी कुणाच्या तरी छातीवर बसून त्याला सदऱ्याच्या बाहीने आवळत होतो, आणि तो आमच्याच मंडळातला निघाला. मी! चष्मे करणारा माणूस!

मॅनेजरच्या खोलीत फौजदार आले. एका बाजूला आम्ही, एका बाजूला मेकॅनिक, नाकात कापूस, अंगठ्याला पट्टी. फौजदारांनी वही उघडली. 'भांडण कशावरून?'

अध्यक्ष म्हणाले, 'दोनवरून.'

'दोन काय?'

'दोन म्हणजे दोन, साहेब.'

'दोन माणसं? दोन खुर्च्या?'

'आकडा, साहेब!'

फौजदारांनी पेन खाली ठेवलं. अध्यक्षांनी 'दोनचे मौन' काढलं, पान पहिलं, दुसरा तोफखानेवाला, त्याचं हौतात्म्य... लगेच सेक्रेटरीणबाई, 'शरणागती, साहेब, शरणागती!' त्यात मेकॅनिक कापसातून म्हणाला, 'ती मठ्ठच होती.' आणि मला राहवेना हो. चाळीस वर्षं पोटात ठेवलेलं बाहेर पडलं. 'ती मठ्ठ नव्हती,' म्हटलं, 'ती माझी बहीण होती. आणि मी तिथे होतो!'

मी सात वर्षांचा. आई कामावर, म्हणून ताई मला सोबत घेऊन गेली. ती खोली म्हणजे काय, भिंतींना गाद्या ठोकलेल्या, मध्ये एक टेबल, एक माइक, काचेपलीकडे ध्वनिमुद्रणवाले काका. ताईने बजावलेलं, 'तोंडातून चकार शब्द काढलास तर कान उपटून हातात देईन.' आणि आईने त्याच दिवशी सकाळी मला एरंडेल पाजलेलं! तुम्ही समजलात. इकडे तांबडा दिवा लागला, ताई म्हणाली पाच, माझ्या पोटात ढवळलं. चार, मी पाय आवळले. तीन, आता राम म्हणायची वेळ! बोलायची तर बंदी, मग मी शाळेत दाखवायचो तशी बोटं दाखवली. दोन बोटं! ताईने पाहिली. दोन म्हणायला तोंड उघडलं आणि तिला कळलं, हा आकडा आता तोंडातून काढला तर हसू फुटणार. गिळला तिने. तीननंतर सरळ एक! काका काचेपलीकडून म्हणाले, 'फर्मास! आता पुन्हा नको, पुढे चला!' आणि पुढे चाललो मी, धावत.

सिनेमा लागल्यावर अख्ख्या गल्लीने तिला पिडलं. भाजीवाला विचारायचा, 'दोन किलो मोजता येतील का, ताई?' तिच्या साखरपुड्यात व्याह्यांनी सगळ्यांसमोर आकडे म्हणायला लावले. हसली आणि म्हटले तिने, दोन गाळून. कुणाला कधी सांगितलं नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाली, 'सांगितलं असतं तर शाळेत तुला काय नाव पडलं असतं, येडपटा?'

एवढं सांगितलं मी. मेकॅनिक उठला, हात वर करून, 'बघा! मी तेच म्हणत होतो! चूकच होती!' पटलं फक्त त्याला! आणि अध्यक्षांचा चेहरा... हळूहळू तांबडा होत गेला. 'चाळीस पानं लिहिली मी,' म्हणाले. 'चाळीस वर्षं आम्ही जे ओरडतोय... ते... तुझं पोट?' मी म्हटलं, 'म्हणजे मूळ कारण तेच, पण...' पुढचं ऐकायला कोण थांबलं! हा डोळा अध्यक्षांचा. हे टाके सेक्रेटरीणबाईंच्या पर्सचे, पितळी कडी आहे तिला. बरगडीत दुखतंय ते नक्की कुणाचं माहीत नाही, रांगच लागली होती. ज्यांना मी वीस वर्षं फुकट काचा घासून दिल्या ना, त्यांनी चष्मे काढून नीट खिशात ठेवले आणि मग मारलं! आणि मला वाचवलं कुणी? मेकॅनिकने! डाव्या हाताने मला टेबलाखाली सारलं, उजव्या हाताने एकेकाला भिंतीकडे. मी खालून ओरडतोय, 'अहो, मी चष्मे करणारा माणूस, मला कुठली...' वरून कुणीतरी 'दोनचे मौन' फेकलं. कोपरा लागला.

शेवटी फौजदार म्हणाले, माझं डोकं पिकलं, लेखी समेट करा आणि जा. अध्यक्षांनी सांगितला मजकूर, सेक्रेटरीणबाईंनी सुवाच्य अक्षरात लिहिला. 'मावशीने दोन हा आकडा पूर्ण शुद्धीत, विचारपूर्वक गाळला. मावशीची चूक कधीही झालेली नाही. याउलट बोललेलं सर्व आम्ही मागे घेतो.' खाली मंडळाची एक्केचाळीस नावं. एकेकाने सही केली. मेकॅनिकनेसुद्धा केली, अंगठा बांधलेला म्हणून डाव्या हाताने. फौजदार साक्षीदार.

माझ्यापुढे कागद आला. मी वाचला. या डोळ्याने दिसत नव्हतं, म्हणून दुसऱ्याने वाचला. मावशीची चूक कधीही झालेली नाही. आता हे खरंच आहे, नाही का? मी म्हटलं, 'अध्यक्ष, मला मान्य आहे. फक्त खाली एक ओळ घालू द्या. चूक तिच्या भावाची होती.'

अध्यक्षांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी रस्त्यावरून आत आलोय. म्हणाले, 'छे छे! भलतंच काय? या विषयाशी तुमचा संबंध काय?'

आता संबंध काय सांगणार हो... केली सही.