चहा झाल्यावर सांगू

बिश्केकहून नारीनकडे निघालेल्या टॅक्सीत बुरुलकान डोळे मिटून बसली होती, पण शेजारच्या दोघा अनोळखी भावांचं बोलणं कानावर पडतच होतं.

"दादा, आईला तूच सांग."

"मी नाही. शार्शेनकाका सांगतील. आधी त्यांना घरी नेऊन बसवू."

"गावात कुणी गेल्याचं सांगायला काकाच येतात. ते असे अवचित दारात दिसले की आई ओळखेलच."

"म्हणून तर आधी चहा घ्यायचा. चहा झाला की काका म्हणतील, ससाणा हातावरून उडाला तो परत आलाच नाही."

"आई विचारेल, कुठला ससाणा? आपल्याकडे कधी कोंबडी टिकली नाही."

"गप रे. पूर्वापार असंच सांगतात."

"त्यापेक्षा आपला आस्कात मॉस्कोत आजारी आहे म्हणू."

"मग म्हणेल, फोन लावून दे. लावशील? मेलेल्या भावाला?"

धाकट्याने तोंड खिडकीकडे वळवलं.

"आणि हे बघ, तू रडायचं नाहीस. चहा होईपर्यंत तरी."

"तूच सकाळपासून डोळे पुसतोयस."

तेवढ्यात थोरल्याचा फोन वाजला. आईचा आवाज सगळ्या गाडीला ऐकू आला.

"कुठवर आलात रे पोरांनो?"

"कोचकोर मागे पडलं, आई."

"वाटेत कुणाकडे थांबू नका. कुणाचा फोन घेऊ नका. सरळ घरी या. शार्शेनकाकांना बोलावून बसवलंय. आधी चहा घ्या, मग काका काय ते सांगतील."

धाकट्याने थोरल्याचा हात घट्ट धरला.

"बरं, आई," थोरला म्हणाला. "आधी चहा घेऊ."